धारेसमोरची खुर्ची

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीतून हातभर पुढे आलेला एक कॉलम आहे. घर बांधणाऱ्याला तो तिथे हवा होता आणि राहणाऱ्यांना नको होता. अशा वादात नेहमी बांधणाऱ्याचेच चालते, कारण वरचे छत त्याच्या बाजूने असते. ह्या कॉलमची एक कड जमिनीपासून छतापर्यंत सरळसोट उभी आहे. गवंड्याने ओळंबा सोडून आणि गुण्या धरून ती इतक्या निगुतीने काढलेली आहे की सुरुवातीला मला तिचे कौतुकच वाटे. तिच्यासमोर चारेक हातांवर मी वाचण्याची खुर्ची मांडली होती. डाव्या हाताला खिडकी, पाठीमागे दिवा, पाय पसरायला ऐसपैस जागा, असे सगळे काही तिथे जुळून आलेले होते. तरीही त्या खुर्चीत कोणी टिकत नसे. पाहुणे तिथे बसत खरे, पण काही निमित्ताने उठले की परतताना न बोलता दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसत. मी स्वतः पुस्तक घेऊन बसले की दहा मिनिटांत मला काहीतरी तातडीचे काम आठवे. वर्षभरात ती खुर्ची वाळलेल्या, पण घडी न घातलेल्या कपड्यांची हक्काची जागा होऊन बसली.

माझी एक मैत्रीण फेंगशुई मानते. तिच्या ह्या नादाची मी बरीच चेष्टा केलेली आहे, आणि तिनेही ती मोठ्या मनाने सोसलेली आहे. एकदा ती घरी आली असता मी त्या खुर्चीचा विषय काढला, खरे तर थोडी गंमत करावी म्हणूनच. ती काही बोलली नाही. उठली, कॉलमच्या कडेला पाठीचा कणा टेकवून उभी राहिली, दोन्ही हात मागे नेऊन कॉलमच्या दोन अंगांवर तळवे ठेवले आणि नाकासमोर पाहू लागली. “आता मी कुठे बघतेय ते सांग,” असे तिने मला विचारले. ती थेट त्या खुर्चीकडे, म्हणजे त्या दिवशी खुर्चीत असलेल्या टॉवेलांच्या ढिगाकडे बघत होती. “अगं, हा कॉलम रोज असाच बघत असतो तिच्याकडे. त्याच्या नजरेत बसायला कोणाला आवडेल?”

ह्या म्हणण्याला पुरावा म्हणता येणार नाही, पण त्या क्षणी मला ते अगदी पटले, आणि आपल्याला हे इतक्या सहज का पटले ह्याचाच विचार मी पुढे बरेच दिवस करत राहिले.

फेंगशुई ह्या चिनी शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी एवढाच आहे. दफनाच्या जागा कशा निवडाव्यात ह्यावरचा एक जुना ग्रंथ परंपरेने ग्वो पू (इ.स. 276 ते 324) ह्याच्या नावावर सांगितला जातो; त्यात असे म्हटले आहे की ‘ची’, म्हणजे सृष्टीत वाहणारा प्राण, वाऱ्यावर स्वार होऊन विखुरतो आणि पाण्याच्या काठाशी येऊन थांबतो. हा प्राण वळणे घेत, रेंगाळत आला तर तो पोसतो. सरळ रेषेत, वेगाने अंगावर आला तर तो मारतो. ह्या मारक रूपाला ‘शा’ म्हणतात. घरातल्या टोकदार गोष्टींविषयीची सगळी भीती ह्या एका कल्पनेतून निघालेली आहे. दोन सपाट पृष्ठे जिथे काटकोनात मिळतात, तिथून कोनाच्या बरोबर मधल्या दिशेने एक अदृश्य बाण सुटतो असे मानतात, आणि त्याला चिनी भाषेत ‘लपलेला बाण’ अशा अर्थाचा शब्द आहे. माझी मैत्रीण पाठ टेकवून उभी राहिली होती, ती ह्या बाणाचा रोख काढण्यासाठी.

ह्या शास्त्राच्या शब्दसंग्रहाने मात्र मला मोहात पाडले. समोरच्या इमारतीच्या भिंतीची कड आपल्या खिडकीवर रोखलेली असेल तर तिला भिंतीची सुरी म्हणतात. दोन उंच इमारतींमधली अरुंद फट समोर आली तर आकाश कुऱ्हाडीने चिरल्यासारखे दिसते, म्हणून त्या दोषाचे नावही तसेच आहे. रस्ता थेट दारावर येऊन आदळत असेल तर तिथे ‘शी-गान-दांग’ अशी अक्षरे कोरलेला दगड उभारतात. ‘हा दगड सामना करायला धजतो’ असा त्याचा साधारण अर्थ होतो. पेइचिंगच्या जुन्या चौकाच्या वाड्यांत दारातून आत शिरले की समोर एक आडवी भिंत येते, तिला वळसा घातल्याशिवाय चौकात पोहोचता येत नाही. शांघायच्या यू उद्यानाजवळचा पूल तळ्यावरून सरळ न जाता नऊ वळणे घेत जातो. सरळपणाविषयीचा हा संशय एके काळी घरापुरता राहिला नव्हता. शांघायजवळ 1876 मध्ये सुरू झालेला वूसुंगचा रेल्वेमार्ग पुढच्याच वर्षी चिनी अधिकाऱ्यांनी विकत घेऊन उखडून टाकला. नीट परवानगी न घेता रूळ टाकल्याचा राग त्यामागे होताच, पण लोखंडाच्या सरळ रेषेने जमिनीची फेंगशुई बिघडते ही भीतीही लोकांच्या मनात होती.

हे सगळे वाचताना मला वाटत राहिले की ही कल्पना इतकी परकी नाही. आपण मराठीत एखादी वस्तू डोळ्यांत खुपते असे म्हणतो, ती डोळ्याला लागलेली नसते तरीही. एखादी खोली अंगावर येते, एखादी भिंत अंगावर येते, असे आपण तिथे उभ्या असलेल्या निर्जीव भिंतीविषयी बोलतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही. कोपरा हा शब्द उच्चारला की पाठोपाठ कोपर ऐकू येते, आणि कोपर आले की कोपरखळी आलीच. लपलेल्या बाणाची कल्पना आपल्या भाषेने शास्त्र म्हणून मांडली नाही, एवढेच. क्रियापदांत मात्र ती केव्हाचीच मुरलेली आहे.

टोकांच्या ह्या भयाचे सर्वांत भव्य उदाहरण हाँगकाँगमध्ये उभे आहे. आय. एम. पेई ह्या वास्तुरचनाकाराने आखलेला बँक ऑफ चायना टॉवर 1990 मध्ये पूर्ण झाला. वरच्या दोन खांबांसकट 367 मीटर उंच असलेली ही इमारत त्रिकोणी आकारांची मिळून बनलेली आहे, त्यामुळे तिला चारी दिशांना धारदार कडा आहेत. पेईंच्या मूळ आराखड्यात दर्शनी भागावर फुलीसारखे मोठमोठे आकार दिसत होते. फुली अशुभ मानली जाते म्हणून त्यांनी आडव्या पट्ट्या झाकून टाकल्या आणि फुल्यांच्या जागी एकावर एक रचलेले चौकटचे आकार दिसू लागले. धारा मात्र राहिल्या. त्यांतली एक ब्रिटिश गव्हर्नरच्या निवासाकडे रोखलेली आहे असे लोक म्हणू लागले, आणि तिला अडवण्यासाठी तिथल्या बागेत विलोची झाडे लावली असे सांगतात. शेजारच्या एका बँकेच्या छतावर इमारतीच्या देखभालीसाठी जी यंत्रे आहेत, ती लांबून तोफांसारखी दिसतात आणि त्यांची तोंडे ह्या मनोऱ्याकडे आहेत. त्यांचा खरा हेतू फेंगशुईचे प्रत्युत्तर देण्याचा आहे, ही गोष्ट हाँगकाँगमध्ये मोठ्या आवडीने सांगितली जाते. ही गोष्ट खरी असो वा नसो, कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या माणसांनाही समोरच्याची कड खुपते, हे वाचून मला माझ्या खुर्चीविषयी वाटणारा संकोच बराच कमी झाला.

मैत्रिणीने उपाय सांगितले, आणि ते मी कसोशीने करून पाहिले. आठ बाजूंच्या चौकटीतला पाक्वा आरसा तिने स्वतःच बाद केला, कारण तो घराच्या बाहेरच्या अंगाला लावायचा असतो; आतल्या बाणाला आतूनच परतवले तर तो घरातल्याच दुसऱ्या कोणाला लागेल, असा तिचा युक्तिवाद होता आणि तो तिच्या चौकटीत बिनतोड होता. मग तिने पैलू पाडलेला एक काचेचा गोळा आणून दिला. घरात असे स्फटिक टांगण्याची पद्धत लिन युन (1932 ते 2010) ह्या गुरूंनी पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय केली; त्यांनी 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीला आपले मंदिर स्थापन केले होते. छतात तुळई डोक्यावर येत असेल तर तिच्यावर लाल फितीने बांधलेल्या बांबूच्या दोन बासऱ्या तिरप्या लावाव्यात, हा उपायही त्यांच्याच परंपरेतला. आमच्या छतात तुळई नसल्यामुळे मी बासऱ्यांतून सुटले. गोळा मात्र कॉलमच्या कडेपुढे लाल दोऱ्याने टांगला. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीतून ऊन आले की त्यातून सात रंगांचे नखाएवढे कवडसे भिंतीभर पसरत आणि वाऱ्याने दोरा हलला की सगळे एकदम एका दिशेला सरपटत जात. मी हातातले काम टाकून ते पाहत उभी राहत असे. खुर्चीत मात्र अजूनही टॉवेलच होते.

तेव्हा मी एका रविवारी टॉवेल उचलले आणि तास-दीड तास काही न वाचता नुसतीच त्या खुर्चीत बसून राहिले. नेमके काय खुपते, ते मला पाहायचे होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती प्रकाशाची. खिडकीचा उजेड कॉलमच्या एका अंगावर पूर्ण पडत होता आणि दुसरे अंग काळोखात होते. उजेड आणि काळोख ह्यांच्यामध्ये काही पायरीच नव्हती, केसाएवढ्या रेषेवर एक संपून दुसरा सुरू होत होता. गोल खांब असता तर हाच उजेड हळूहळू मावळत गेला असता. डोळ्याचा स्वभावच असा की त्याला असा फरक दिसला की तो तिथे धाव घेतो, मग तुम्ही पुस्तकात कितीही बुडालेले असा. दुसरी गोष्ट अशी की कॉलम बरोबर कोनातून समोर आल्यामुळे त्याची दोन्ही अंगे माझ्यापासून मागे सरकत होती. बघायला भिंत अशी कुठे नव्हतीच. समोर होती ती फक्त कड, आणि पुस्तक हातात धरले की ती बरोबर पानाच्या वरच्या काठातून उगवत होती. तिसरी गोष्ट जराशी ओशाळवाणी आहे. कॉलमच्या मागे स्वयंपाकघराकडून येण्याची वाट आहे, आणि खुर्चीतून ती दिसत नाही. येणारा माणूस एकदम, कडेच्या मागून फुटून बाहेर आल्यासारखा दिसतो. आपल्याच घरात, आपल्याच माणसांना पाहून मी दर वेळी थोडीशी दचकत होते आणि वर्षभर मला त्याचा पत्ता नव्हता. पलंग किंवा लिहिण्याचे मेज असे ठेवावे की बसल्या जागेवरून दार दिसेल पण आपण दाराच्या थेट रेषेत नसू, असा फेंगशुईचा एक नियम आहे. त्या नियमाला माझ्याकडून एक गुण मी त्याच दिवशी देऊन टाकला.

डोळ्याला टोके का नकोशी होतात ह्याचा अभ्यासही झालेला आहे. मोशे बार आणि मायताल नेता ह्या संशोधकांनी 2006 मध्ये लोकांना घड्याळासारख्या रोजच्या वस्तूंची चित्रे क्षणभर दाखवली. वस्तू तीच, पण एका चित्रात तिचे कोपरे टोकदार आणि दुसऱ्यात गोलाईचे. लोकांना गोलाईच्या वस्तू अधिक आवडल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवून दिले की टोकदार वस्तू पाहताना मेंदूतल्या अमिग्डाला ह्या भागात अधिक हालचाल होते, आणि हा भाग इतर कामांबरोबर धोक्याची दखल घेण्याचेही काम करतो. त्याआधी कितीतरी वर्षे, 1929 मध्ये, वोल्फगांग कोलर ह्या मानसशास्त्रज्ञाने एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून त्यांतली ‘ताकेते’ कोणती आणि ‘बालुबा’ कोणती, असे विचारले होते. उत्तर काय आले असेल हे वाचकाने ताडलेच असेल. मराठीतले काटा, टोक, खिळा, टाचणी, कट्यार हे शब्द एका दमात म्हणून पाहावेत आणि मग लोड, गोल, मऊ, वलय म्हणावेत; जिभेलासुद्धा फरक कळतो.

पण इथे मी माझ्या मैत्रिणीपासून वेगळी होते. टोक वाईट आणि गोल चांगले, असा निकाल लावायला माझे मन तयार नाही, आणि माझी भाषाही तयार नाही. वाटोळे ह्या शब्दाचा एक अर्थ गोल असा आहे आणि दुसरा सर्वनाश असा आहे. गोलमोल बोलणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही. उलट बुद्धीला धार असावी असे आपल्याला वाटते, आणि कुशाग्र म्हणताना आपण तिची तुलना गवताच्या टोकाशी करतो. ओशिन वार्तानियन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना गोलाईच्या आणि कोनांच्या खोल्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा गोलाईच्या खोल्या लोकांना अधिक सुंदर वाटल्या. पण ह्या खोलीत पाऊल टाकाल का, ह्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र आकाराने काही फरक पडला नाही. हा दुसरा निष्कर्ष फारसे कोणी सांगत नाही, मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. सुंदर काय दिसते आणि माणूस कुठे जाऊन बसतो, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातले सगळेच कोपरे गोल केले तर पुस्तकांचे कपाट कुठे टेकवायचे, हाही प्रश्न आहेच.

म्हणून मी बाणांची नव्हे, जखमांची यादी केली. घरातल्या कोणत्या टोकाने खरोखर कोणाला लागले आहे, हे मी सगळ्यांना विचारले. जेवणाच्या मेजाचा एक कोपरा सर्वांच्या तोंडी होता. तो मांडीच्या बरोबर उंचीवर होता आणि स्वयंपाकघराच्या वाटेत होता, आणि माझ्या मांडीवर त्याची निळी खूण वर्षातून तीन-चारदा तरी उमटत असे. सुतारदादा दुसऱ्याच कामासाठी आले असताना मी त्यांना तो दाखवला. त्यांनी बोटाने कड चाचपली, “ताई, ह्याचे टोक मोडलेलेच नाही,” असे म्हणाले, आणि कानस काढली. आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने त्यांनी चारही कोपरे आणि वरची सगळी कड घासून काढली. एकूण लाकूड गेले असेल दोन-तीन मिलिमीटर. जमिनीवर पडलेला भुसा मूठभरही झाला नसता. पण तेवढ्याने मेज निराळे झाले. धक्का तितक्याच जोराचा बसला तरी तो टिंबभर जागेऐवजी बोटभर जागेवर पसरतो, एवढीच त्यामागची गोष्ट आहे. ‘टोक मोडणे’ हा त्यांचा शब्द मी तेव्हापासून जपून ठेवला आहे.

कॉलमची कड मात्र मोडता येण्यासारखी नव्हती, कारण गिलावा फोडायचा म्हणजे घर महिनाभर धुळीत काढायचे. तिथे दोन गोष्टी केल्या. खुर्ची उचलून दोन हात बाजूला सरकवली आणि थोडी फिरवली, इतकी की कॉलमचे एक अंग सपाट भिंतीसारखे समोर यावे आणि स्वयंपाकघराकडची वाट नजरेत राहावी. कॉलमच्या पायथ्याशी वेलाची एक कुंडी ठेवली आणि वेल कडेवरून वर चढवला. हा उपाय फेंगशुईच्या पुस्तकांतही आहे. फक्त निवडुंगासारखे काटेरी झाड त्या जागी नको असे ती सांगतात, आणि ते सांगण्याची गरज पडावी ह्याची मला गंमत वाटली. वेलाची पाने कडेच्या दोन्ही बाजूंना आली की उजेड आणि काळोख एकमेकांत मिसळू लागतात, रेष दिसेनाशी होते. दोन महिन्यांत खुर्चीतले टॉवेल गेले. मैत्रीण म्हणते बाण वळला, मी म्हणते खुर्ची वळली, आणि ह्यावर आम्ही दोघी हसून चहा घेतो.

एक गोष्ट मात्र जमेना. वेल जमिनीपासून कमरेपर्यंत दाट वाढला, डोक्याच्या वर तर तो छताला टेकला, पण मध्ये, खांद्याच्या जरा खाली, वीतभर जागेत पाने राहत नसत. नवे पान फुटे, चार दिवसांत चुरगळलेले दिसे, मग गळून पडे. मी कीड शोधली, पाणी कमी-जास्त केले, कुंडी फिरवून ठेवली. घरातल्या मुलांवर आळ घेऊन झाला. काही उपयोग झाला नाही.

मग एका रात्री वीज गेली. मी खुर्चीतच होते. पुस्तक मिटून अंदाजाने उठले आणि मेणबत्ती आणायला स्वयंपाकघराकडे निघाले. चार पावलांनंतर माझा हात आपोआप पुढे झाला, कॉलमच्या कडेवर पडला, बोटे तिच्याभोवती वळली आणि तिच्या आधाराने मी वळण घेतले. हाताखाली एक ओले पान चुरगळले. मी तिथेच उभी राहून कड चाचपली. खालीवर ती अजून नव्यासारखी धारदार होती, पण त्या वीतभर जागेत रंग उडून गिलावा गुळगुळीत झाला होता, आणि तिचे टोक मोडलेले होते. बोटांना ती अगदी मेजाच्या कोपऱ्यासारखी लागत होती. मागून कोणीतरी उठल्याचा आवाज आला, आणि माझ्या हाताच्या किंचित खाली, त्याच कडेवर, दुसरा एक लहान हात येऊन टेकला.

दुसऱ्या दिवशी मी वेलाचा दोरा त्या ठिकाणी सोडवला आणि तेवढा भाग मागच्या अंगाने वर नेला.